समावर्तनाला नेसायची साडी

धाकटा भाऊ मालवणजवळच्या वेदपाठशाळेत सहा वर्षं होता. अभ्यास पुरा झाला की मुलाला घरी जायची अनुज्ञा देतात, त्याला समावर्तन म्हणतात. त्याचा निरोप पालकांच्या ग्रुपवर आला. खाली सूचना होती : महिलांनी साडी नेसूनच यावे.

आई दोन महिन्यांपूर्वी परसात घसरून पडली होती. ऑपरेशन करून खांद्यात धातूची पट्टी घातलेली, हात वर जात नव्हता, ब्लाउज चढत नव्हता. पुढून बटणं असलेला एक सैल हिरवा पंजाबी ड्रेस मी दोडामार्गात शिवून आणला होता. बाहेर जाताना ती तोच घालायची.

"माका साडी जमाची नाय," ती म्हणाली. मग फोनवर भावाला सांगितलं, "हिरवो ड्रेस घालून येतलंय. वळखशीत मां?"

पाठशाळेच्या दारात नऊवारीतल्या एक बाई हळदीकुंकू लावत होत्या. आईकडे बघून त्यांचा हात थांबला.

"ग्रुपवर टाकलं होतं ना, काकू?"

मी खांद्याचं सांगितलं. त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं, स्वतःच्या पिशवीतून एक जांभळी साडी काढली आणि आईच्या ड्रेसवरूनच नेसवली. दुखरा हात पदराखाली झाकला. चार पिना लावल्या. आई भिंतीकडे बघत उभी होती. मी मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

आम्ही बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. आईला घाम फुटला होता. भावाची पाळी आली तेव्हा त्याने मंत्र म्हणायला खणखणीत सुरुवात केली, पण नजर आमच्या बाजूला फिरत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे. मध्येच तो थांबला. गुरुजींनी पुढचा शब्द दिला. तो पुढे म्हणत गेला, पण त्यानंतर मान खालीच.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे धावत आला. "आये येवक नाय?"

आई माझ्या मागेच बायकांच्या गर्दीत उभी होती. तिने त्याच्या नावाने हाक मारली. तो तिच्या पायाशी वाकला आणि तसाच क्षणभर थांबला. साडीच्या काठाखाली हिरवी सलवार दिसत होती.

"मी हिरवो शोधी होतंय," तो म्हणाला.

निघताना आईने पिना मोजून त्या बाईंच्या हातात दिल्या. "धुऊन पाठवते साडी," मी म्हटलं. "काही नको," त्या म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या. त्यांच्यावर रागवावं असं मला काही सापडलं नाही.

परतताना भाऊ गाडीत पुढच्या सीटवर झोपून गेला. कुडाळ मागे पडल्यावर आईने हळूच विचारलं, "तो थांबलो, तो माझ्यामुळे काय गो?"

"नाय," मी म्हटलं. "आदल्या दोघांकपण गुरुजींनी शब्द दिल्यानी."

एकालाच दिला होता.