मंडईला सांगतो

‘जेवलीस का?’ या प्रश्नाची मला आजही चीड येते. तो पुण्याला नोकरीला, तिथून रोज हाच प्रश्न यायचा. मी गोंदियात मेडिकलच्या काउंटरला उभी, समोर गिऱ्हाईक खोकतंय, आणि हा विचारतोय जेवलीस का. अरे बाबा, जेवले! पुढचा प्रश्नही ठरलेला, ‘काय करून राहिली?’ मग फोन कानाला लावून एकमेकांकडचा पंखा ऐकत बसायचं. याला लोक प्रेम टिकवणं म्हणतात. टिकवायला ते काय लोणचं आहे?

मला एकच गोष्ट हवी होती. त्याने आपल्या घरी आमच्याबद्दल सांगावं. माझ्या घरी, फुलचूरला, सगळ्यांना माहीत होतं. आई माझ्यासाठी आलेली स्थळं परतवत होती आणि नातेवाइकांचे टोमणे खात होती. आम्ही बौद्ध, तो दुसऱ्या जातीचा. त्याचं घर तिरोड्याकडे, बोदलकस्याच्या वाटेवरच्या एका गावात. विषय काढला की म्हणायचा, ‘असं फोनवर नाही सांगता येत. मंडईला गावी येतो ना, तेव्हा सांगतो.’

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीपासून गावोगावी भरणारी जत्रा. गाव सोडून गेलेला माणूस त्या दिवशी हमखास परत येतो. पहिल्या वर्षी याला म्हणे सुट्टीच मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी आला, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ बघितला, मटण खाल्लं आणि निघून गेला. ‘घर पाहुण्यांनी भरलं होतं, तू टेन्शन नको घेऊ.’ मूर्ख! मंडईच्या दिवशी घर पाहुण्यांनी नाही भरणार तर कशानं भरणार?

यंदा त्यांच्या गावची मंडई ऐन भाऊबीजेला होती. मी गाडी काढली आणि न सांगता गेले. मंडईला कोणाच्याही घरात शिरा, चहा-चिवडा मिळतो. कोणाचे पाहुणे ते मागून विचारतात. त्याची माय ओसरीतच भेटली. हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली, अनारसे पुढे केले. तो समोरच बसला होता. मला पाहून त्याचं तोंड असं उतरलं की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं.

‘कोणाची वो तू, पोरी? आडनाव काय?’ मायनं विचारलं.

आडनाव सांगितलं की तिला जात कळणार होती, मग बाकीचंही, आणि तिला ते कळावं हेच मला हवं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात हा मध्ये पडला. ‘माझ्या मित्राची बहीण हाये, माय. मंडई पाहाले आली.’

बहीण! लाज तरी वाटावी.

माय मात्र खूश. ‘मंग तुझीच बहीण झाली ना! तुले तं बहीण नाही, अन् आज भाऊबीज.’ ती आत गेली आणि ताट घेऊन आली. दिवा, कुंकू, सुपारी. ‘ओवाळ वो, पोरी.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहत राहिले. बोल की आता, मनात म्हटलं, अजून एक वाक्य पुरे आहे. त्याने खिशातून रुमाल काढला आणि डोक्यावर घेतला.

आमच्या घरी असलं काही करत नाहीत. मी जन्मात कोणाला ओवाळलं नव्हतं. पण ताट घेतलं, त्याच्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं आणि ओवाळलं. त्याने नोट टाकली, ती मी ताटातच राहू दिली. मायच्या पाया पडून निघाले. त्या बाईवर माझा जराही राग नाही.

तिरोड्याच्या पुढे फोन वाजला. गाडी बाजूला घेऊन उचलला.

‘न सांगता काऊन आली तू? मी सांगणारच होतो. थोडं थांब, पुढच्या मंडईला नक्की...’

‘मंडईला नको,’ मी म्हटलं. ‘पुढच्या भाऊबीजेला फुलचूरला ये, भाऊ. अन् घरी सांगून ये.’