आबांचा फॉन्ट

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला वेबसाईटही करतो. गिऱ्हाईक सीपीयू आणतं तो खताच्या रिकाम्या पोत्यात घालून, दुचाकीवर मांडीत धरून, आणि दारातनंच सांगतं, "आमी कायबी केलं न्हाई बघा, आपोआप बंद पडला." उघडून बघावं तर आत उंदरानं वायरी कुरतडून संसार मांडलेला. वेबसाईटवाल्यांची तऱ्हा निराळी. एका मंगल कार्यालयाचे मालक आले होते. वर त्यांचा फोटो, दोन्ही बाजूंना नेत्यांचे, खाली झाडून सगळ्या मित्रमंडळींचे, अशी वेबसाईट पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, हा फ्लेक्स झाला. हॉलमध्ये माणसं किती मावतात, जेवणाची सोय काय, ते कुठं लिहायचं?" तर म्हणतात, "ते फोन करून विचारतील की!" आता बोला.

तोंडाचा मी फटकळ आहे, पण कामात चोख. मशीन फॉरमॅट करायचं, म्हणजे पार पुसून सगळं नव्यानं भरायचं, तर आधी गिऱ्हाइकाचं सामान बाहेर काढून ठेवायचं, हा माझा नियम. डेस्कटॉपवरचं सगळं, डॉक्युमेंट्स, फोटो, डी ड्राइव्ह. माझे हात हे न विचारता करतात. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची एक फाईल माझ्या हातून गेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेत क्लार्क होते. आमचं गाव रहिमतपूरच्या पुढं. रिटायर होऊन आल्यावर त्यांनी ऊस केला, सोसायटीची पत्रं लिहिली, आणि साठी उलटल्यावर रहिमतपूरला क्लास लावून टाईपरायटरवर मराठी टायपिंग शिकले. मी त्यांना एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला, तेव्हा त्यांची एकच अट होती. टाईपरायटरवर जे अक्षर जिथं आहे, तिथंच ते उमटलं पाहिजे. मोबाईलवर मराठी लिहितात तसलं त्यांना नको होतं. "ह्या वयात बोटास्नी पुन्हा भरती करू का?" म्हणाले.

मग मी सांगलीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या एका म्हाताऱ्या डीटीपीवाल्याला गाठलं. त्यानं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये स्वतःच अक्षरं हलवून, मागंपुढं करून टाईपरायटरसारखी बसवली होती. तो फॉन्ट मी आबांच्या मशीनमध्ये घातला. ह्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की फाईलच्या पोटात असतात सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वरून फॉन्टचा मुखवटा चढवला की त्यांचं मराठी दिसतं. आबा खूश झाले. दोन बोटांनी नाही, दहा बोटांनी टाईप करायचे, पाठ ताठ ठेवून.

शेवटच्या वर्षात ते रोज दुपारी जेवण झालं की मशीनपुढं बसायचे. आई विचारायची, "एवढं काय लिवताय?" ते म्हणायचे, "पुरं होऊ दे. वाचून दाखवतो." आईला वाटायचं, फौजेतल्या आठवणी लिहितायत. मनातनं तिला वाटत होतं की त्यात कुठंतरी आपणही असू. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

माघात आबा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मला काही सुचेना. हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं. कॉम्प्युटर भाचीला कॉलेजसाठी द्यायचं ठरलं होतं, म्हणून मी म्हटलं, चला, मशीन साफ करून देऊ. सगळं नियमानं केलं. डेस्कटॉप काढला, डॉक्युमेंट्स काढली, डी ड्राइव्ह काढला. आबांच्या तीस-बत्तीस फायली होत्या, त्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. दोनदा मोजल्या. मग फॉरमॅट मारला. संध्याकाळपर्यंत मशीन नव्यासारखं पळायला लागलं आणि मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिली फाईल उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मी म्हटलं, हां, फॉन्ट नाही घातलेला. आणि मग उमजलं. फॉन्ट होता आबांच्या मशीनमध्ये, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरात, सी ड्राइव्हवर. ते फोल्डर माझ्या नियमात कधी नव्हतंच. कुठल्या गिऱ्हाइकाला लागलंच नव्हतं.

डीटीपीवाल्याकडं धावलो. दुकानाच्या जागी मोमोजची गाडी. म्हातारा वारला होता, त्याच्या मुलानं मशीन भंगारात घातलेलं. मी ज्या सीडीवर फॉन्ट आणला होता ती सापडली, पण तिच्यावर एवढे ओरखडे की ती चालेना. भाचीकडून कॉम्प्युटर परत आणला, पुसलेलं परत काढायची सगळी सॉफ्टवेअरं चालवली. फॉन्टची फाईल सापडली, अर्धी. उरलेल्या अर्ध्यावर मीच नवीन विंडोज बसवलं होतं. जुन्या फॉन्टचं मराठी बदलून देणाऱ्या वेबसाईटी असतात, त्याही पाहिल्या. पण म्हाताऱ्यानं अक्षरं आपल्या मर्जीनं हलवलेली, त्यामुळं त्यातनं जे बाहेर पडलं ते वाचून हसावं की रडावं कळेना. मी रडलो. भर दुपारी, काउंटरच्या खाली वाकून, पडलेला स्क्रू शोधतोय असं दाखवत.

गावी रविवारी गेलो की आई विचारायची, "झालं का रं?"

"चालू आहे," मी म्हणायचो. "जरा अवघड आहे ते."

हेच उत्तर मी गिऱ्हाइकांना देतो. काम हातात घेतलेलं नसलं की देतो. आईला ते कसं कळणार? ती म्हणायची, "सावकाश कर. पन माझ्या हयातीत कर."

त्यातल्याच एका रविवारी आबांच्या कागदांत ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची प्रत मिळाली. आमच्या गल्लीतल्या दिव्याबद्दल होता. अर्ज छापलेला, आणि पेन ड्राइव्हवरच्या एका फाईलच्या ओळी मोजल्या तर तेवढ्याच. मी अक्षरशः उडीच मारली. आता एका हाताला छापलेलं मराठी, दुसऱ्या हाताला तोच मजकूर इंग्रजी चिन्हांत. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, ते एकेक जुळवत बसलो. 'माननीय सरपंच साहेब' ह्या तीन शब्दांनी मला अर्धा डझनावर अक्षरं मिळवून दिली. सरपंचाचे एवढे उपकार आमच्या गावात कुणी मानले नसतील.

तीन आठवडे दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा हेच. मग एक साधं वेब पान तयार केलं. डावीकडं आबांचं ते चिन्हांचं जंजाळ टाकायचं, बटण दाबायचं, उजवीकडं मराठी. आधी वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसायच्या, त्यांना हुसकून जागेवर आणलं. आयुष्यात शेकडो पानं बनवली असतील, पण बटण दाबायच्या आधी उठून हात धुऊन आलो, असं कधी झालं नव्हतं.

पहिली फाईल अशी होती.

"विषय : फोटो. १. मोबाईलमधील फोटो कॉम्प्युटरवर घेणेसाठी वायर कोणत्या भोकात घालावी? २. फोटो घेतल्यावर मोबाईलमधील फोटो जातो काय? ३. हिचा लग्नातील फोटो मोठा करता येईल काय? वरील बाबत चिरंजीव आल्यावर विचारणे."

मी दुसरी उघडली. "विषय : प्रिंटर. कागद वाकडा का जातो? दोनदा विचारून झाले आहे, तरी एकदा सवडीने विचारणे." तिसरी. "विषय : ईमेल. पाठवलेले पत्र पोहोचले हे कसे समजावे? चिरंजीव घाईत होता. पुढील खेपेस."

आठवणी नव्हत्या. फौज नव्हती. मला विचारायचे प्रश्न होते, विषयागणिक एक कागद, क्लार्कच्या भाषेत, नंबर टाकून. आबा दुकानाच्या वेळेत फोन करायचे आणि मी म्हणायचो, "आबा, गिऱ्हाईक आहे, नंतर करतो." नंतर कधी केला नाही. समोरच्या परक्या माणसाला मी तेच, वायर कुठं घालायची ते, चार-चार वेळा हसून सांगत होतो. आबांनी तिसऱ्यांदा विचारलं की माझा आवाज चढायचा. मग त्यांनी फोन करणं कमी केलं, आणि मला वाटलं, शिकले वाटतं. अहो, कसले शिकले! माझा त्रास वाचवायला ते सगळं लिहून ठेवत होते, एकदम विचारायला. आज कुणी मला सांगितलं की आबा पलीकडून फोनवर आहेत आणि प्रिंटरचं विचारतायत, तर मी दुकानाचं शटर ओढून दिवसभर सांगत बसेन. किती वेळा सांगावं लागलं तरी सांगेन. लय वाटतं, गड्या. पण फोन वाजतो तो कुणाचा तरी सीपीयू बंद पडलेला असतो.

सात फायली वाचल्या आणि पुढं वाचवेना. उरलेल्या नुसत्या बदलून घेतल्या आणि रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आई पुढच्या सोप्यात जात्याच्या शेजारी शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, "झालं बघ." तिनं सूप बाजूला सारलं, हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला. तिची तयारी बघून मी आधीच सांगून टाकलं, फॉन्टचं, फॉरमॅटचं, माझ्या चुकीचं. आणि हेही, की यात आठवणी नाहीत, सगळे कॉम्प्युटरचे प्रश्न आहेत.

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "आसू दे. त्येंचंच हाय न्हवं? वाच."

मी वाचत गेलो. प्रत्येक प्रश्नाला ती मला म्हणायची, "मग? कुठल्या भोकात घालायची?" आणि मी सांगायचो. ती मान हलवायची, जणू निरोप पोचवायचा आहे. एका फाईलमध्ये आबांनी लिहिलं होतं, "पासवर्ड विसरलो. हिला विचारले, ही म्हणते मला काय ठाऊक. हिला ठाऊक असावा असा संशय आहे." तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "व्हतं की ठावं," म्हणाली. "दिवसभर त्या डबड्यापुढं बसायचे, म्हनून सांगितला न्हाई." आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

शेवटून दुसरी फाईल. मी न बघता मोठ्यानं सुरू केली आणि मग थांबता येईना.

"विषय : मुक्काम. १. चिरंजीव रविवारी येतो, चहा घेतो, चार वाजता निघतो. मुक्काम का करीत नाही? २. वरच्या खोलीत पंखा बसवल्यास राहील काय? ३. थेट विचारू नये. हिच्यामार्फत विचारून घेणे."

आईनं ह्यावेळी 'मग?' म्हटलं नाही. शेंगांची टरफलं एका हातानं गोळा करत राहिली.

"तुला विचारायला सांगितलं होतं त्यांनी?" मी म्हणालो.

"व्हय. दोन-तीनदा."

"मग विचारलं नाहीस कधी?"

"न्हाई. मीच सांगायची त्यास्नी, त्याला कामं आसत्यात, दुकान हाय, पोरांच्या शाळा हायत्या." ती माझ्याकडं बघत नव्हती. "तुला इचारलं आसतं आनि तू न्हाई म्हनला आसतास, तर मग मी त्यास्नी काय सांगितलं आसतं?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि पंखा? त्याचं काय झालं?"

"बसवला की," आई म्हणाली. "दिवाळीच्या आदीच बसवलाय. तू वर गेलायस कवा?"