जेवलेली गोधडी

बायपास होऊन पाच महिने झालेल्या आमच्या ह्यांना झोळीतून खाली पाडलं ते मी. लोक उगाच कुत्र्याचं नाव घेतात.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हिंडा, बोला, हसा. पण हे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. जेवता का? "हं." चहा ठेवू? "हं." ज्या माणसानं चाळीस वर्षं माझ्या एकेका भाजीला नावं ठेवली (वांग्याच्या भरताला तर दोन-दोन!), त्यानं मुकाट्यानं कारलं खावं? मी मोरीत जायची, नळ सोडायची आणि रडून घ्यायची.

आमची नात मुक्ता शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करते. सुट्टी लागली की मैत्रिणींबरोबर डोंगरात मुक्कामाला जाते आणि दोन झाडांना कापडी झोळी बांधून तिच्यात झोपते. एकदा तिनं ती झोळी धुऊन गच्चीवर बांधली. ह्यांनी बघितली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलले.

"फर्दापूरच्या मळ्यात जागलीला असाच झोपायचो मी. एकदा परत झोपायचंय."

माझ्या हातातलं वाळवणाचं ताट खाली पडलं. आमचा मुलगा विनायक मात्र ऐकेना.

"आई, थंडीचे दिवस आहेत. बाबांना एक शिंक जरी आली ना, तर परत उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. सांगून ठेवतो."

"नाही येणार शिंक," मी म्हणाले. झालं, शब्द देऊन बसले!

आधी गच्चीवर तालीम केली. मी झोळीत गादी घातली, गादीवर रजई, रजईवर सोलापुरी चादर, वर दोन ब्लँकेटं. झोळी फरशीला टेकली. हे आत शिरले तर नुसतं नाक वर राहिलं.

मुक्ता म्हणाली, "आजी, आजोबांना मुरत घातलंस का?"

मग तिनं समजावलं. झोळीत वरून कितीही पांघरा, थंडी खालून लागते. अंगाखालचं अंथरूण वजनानं दबतं, दबलं की त्यातली ऊब जाते. म्हणून पांघरूण झोळीच्या बाहेरून, पाठीखाली सैल टांगायचं. तसली विकतची पांघरुणं मिळतात, पण लई महाग.

"विकत कशाला?" मी म्हणाले. "घरात जुनी लुगडी काय कमी आहेत?"

सासूबाईंची दोन लुगडी, माझी तीन जुनेरं आणि ह्यांचं एक धोतर, असे थर लावून मी आठ दिवसांत गोधडी शिवली. चारी कोपऱ्यांना परकराच्या नाड्या लावल्या. आता आमच्याकडं अशी रीत, की गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं सासूबाई सांगायच्या. त्या ठेवायच्या नखाएवढा. पण इथं माझ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न! हात आखडता कशाला घेऊ? मी चतकोर भाकरी घातली, तूप लावून. वर गुळाचा खडा. आणि कोपरा शिवून टाकला.

फर्दापूरला माझ्या नणंदेचा, अक्कांचा मळा आहे. अक्कांनी दोन कडुलिंबांच्या मधे झोळी बांधू दिली, पण खाली गुडघाभर कडबा अंथरला. "माझा एकच भाऊ हाय," एवढंच म्हणाल्या. मुक्तानं झोळीखाली गोधडी टांगली. हे आत निजले आणि म्हणाले, "पाठीला ऊब लागतेय गं." मला भरून आलं.

अक्कांचा कुत्रा, त्याचं नाव सरपंच. तो संध्याकाळपासून झोळीखाली बसून होता. हलेना, की भुंकेना. नुसता वर बघत होता.

"लई माया लागली बघ ह्याला दादाची," अक्का म्हणाल्या.

मलाही खरंच वाटलं! मी त्याच्या डोक्यावरनं हातसुद्धा फिरवला.

शेजारी बाज टाकून मी आणि मुक्ता निजलो. हे घोरायला लागले. पाच महिन्यांनी ते घोरणं ऐकलं आणि मलाही बिनघोर झोप लागली.

उजाडता उजाडता ओरडा ऐकून उठले. सरपंचानं गोधडीचा कोपरा दातात धरला होता आणि मागं मागं ओढत होता. नाड्या माझ्या हातच्या, त्या कशा तुटतील? गोधडीबरोबर झोळी ओढली गेली, कलली आणि ह्यांना घेऊन उलटली. धप्प!

"आजोबा!" मुक्ता ओरडली.

"दादा रं!" अक्का दूध सांडून धावल्या.

मी चपला न घालताच पळाले. हे कडब्यात उताणे पडलेले, डोळे मिटलेले. मी छातीवर हात ठेवला. छाती हलत होती, पण भलतीच. गदागदा. देवा, हे काय करून बसले मी?

तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले. शेजारीच सरपंच फाटक्या कोपऱ्यातली भाकरी खात होता. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे हसत होते! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"अगं, नुसती कोरडीच घातलीस?" म्हणाले. "ठेचा तरी ठेवायचा!"

"कोरडी कुठंय? तूप लावलंय!" मी म्हणाले, आणि तिथंच कडब्यात बसून रडायला लागले. रडता रडता मलाही हसू फुटलं.

नऊ वाजता विनायकचा फोन आला. "बाबा, थंडी वाजली का?"

"नाही रे," हे म्हणाले. "गोधडी जेवलेली होती."

शिंक काही आली नाही. आता हे दर हिवाळ्यात फर्दापूरला जातात, झोळीत झोपतात आणि माझ्या भाजीला पूर्वीसारखी नावं ठेवतात. मी गोधडी शिवायला बसले की मात्र खुर्ची ओढून समोर बसतात आणि शेवटचा कोपरा स्वतः चाचपून बघतात. अख्ख्या गल्लीला जेवायला घालणारी बाई मी, पण माझ्या गोधड्या तेवढ्या अजून उपाशी!