काळमेघबाईंची गाडी

कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढा खातात, बॉनेटवरच्या हाराचं कौतुक करतात. शोभाताई काळमेघ पेढा बाजूला ठेवायच्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या आणि ब्रेकचं पेडल दाबायच्या. एकदा, दोनदा, मग पाय रोवून बराच वेळ. गाडीचा मालक अवघडून हसत शेजारी उभा. उतरताना त्या एवढंच म्हणायच्या, "ठीक आहे," नाहीतर, "दाखवून घ्या बाप्पा, पेडल खाली जाऊन राहिलं." हे दुसरं वाक्य ऐकलेले लोक त्यांना पुन्हा बोलवत नसत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

रांझीच्या फॅक्टरीत आम्ही दोघी तपासणी विभागात होतो. बाहेरून आलेले सुटे भाग मोजायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे काम. मी त्यांच्याहून बरीच लहान. राहायला दोघी चेरीतालला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून मी कामावर जात असे. दोघींची घरं मूळची अमरावतीकडची. राज्यं वेगळी झाली, नागपूर मराठी मुलखात गेलं आणि नोकरीपाठी आलेली आमची माणसं इकडे हिंदी मुलखातच राहिली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. शोभाताई मात्र रागावल्या की समोर कुणीही असो, आधी मराठीतच रागवायच्या आणि मग त्याचं हिंदी करून सांगायच्या.

"नावातच काळा मेघ आहे, गरजणारच," असं विभागात म्हणत. त्यांना ते आवडत नसे. "मी चिडत नाही, मंगला," त्या मला म्हणायच्या. "मी नापास करते. लोकांना दोन्ही सारखंच वाटते, त्याला मी काय करू?"

त्या जाऊन काही वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चाळिशी उलटल्यावर त्यांना शर्यतीचा नाद लागला. बरेलाच्या पुढे मुरमाच्या माळावर एक मोटार क्लब अधूनमधून शर्यती घ्यायचा. वळणावळणाची कच्ची वाट, एकेका गाडीनं घड्याळ लावून धावायचं. पहिल्याच वेळी क्लबचे अध्यक्ष गुप्ताजी यांनी शोभाताईंना 'महिला वर्गा'त घातलं. त्या वर्गात दुसरी बाईच नव्हती. त्यामुळे त्या पहिल्या आल्या आणि त्यांना प्रेशर कुकर मिळाला. तो त्यांनी मंचावरच परत केला. "घर में है," म्हणाल्या. "मेरा टाइम बताइए. सब में मेरा नंबर कौन सा है?" नंबर शेवटून दुसरा होता. तो ऐकून त्या खाली उतरल्या आणि पुढच्या वेळी सगळ्यांच्या यादीत नाव द्यायचं, असं गुप्ताजींना बजावून आल्या.

पुढच्या खेपांना त्या मधल्या फळीपर्यंत आल्या. वळणावर त्यांच्याइतकं नेटकं कुणी चालवत नव्हतं, हे मी तिथे बसून पाहिलं आहे. पण वळण संपून सरळ रस्ता लागला की त्यांचं तीन सिलिंडरचं इंजिन दमायचं आणि मागे टाकलेली पोरं घड्याळात पुढे निघून जायची. एका सोमवारी रांझीच्या बसमागे अडकलो असताना त्या एकदम म्हणाल्या, "इंजिन बदलावं लागते. चार सिलिंडरचं, तेराशे सीसीचं बसवते."

"या गाडीत? मावेल का?"

"नाही मावत. म्हणून तर विचार करून राहिली."

दुसरी गाडी घेऊन ती शर्यतीला ठेवावी, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना हीच गाडी हवी होती. रविवारी माळावर धावणारी आणि सोमवारी सकाळी आम्हा दोघींना डबे-पिशव्यांसकट रांझीला नेणारी.

गोहलपूरच्या असलमभाईंचं गॅरेज हे मग आमचं दुसरं ऑफिस झालं. शोभाताईंनी अपघातात मागून चेपलेली एक मोठी गाडी भंगारातून पुरी विकत घेतली. नुसतं इंजिन घेऊन भागत नाही, गिअरबॉक्स लागतो, चाकांना फिरवणारे दांडे लागतात, वायरिंग लागतं, आणि पुढे काय लागेल हे आधी कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. इंजिन बदलायची सरकारी परवानगीही त्यांनी सगळ्यांत आधी काढली. गॅरेजच्या फरशीवर खडूनं त्यांनी आपल्या गाडीचं नाक खऱ्या मापात काढलं आणि त्यात नवं इंजिन, रेडिएटर, बॅटरी कुठे बसेल ते आखलं. पुसलं, पुन्हा आखलं. मी टेपचं दुसरं टोक धरून बसलेली. असलमभाई चहा घेऊन यायचे आणि रेघांवरून उडी मारून जायचे. "दीदी, इतने में तो मैं दो इंजन बैठा दूँ," ते म्हणायचे.

"बिठा देंगे आप. रोकेगा कौन?" शोभाताई विचारायच्या.

कारण त्यांच्या बेतात इंजिन सगळ्यांत शेवटी होतं. इंजिन जड, म्हणजे नाकावर वजन वाढणार. वेग वाढणार. तेव्हा आधी ब्रेक. मोठ्या डिस्क जुन्या चाकांत बसत नाहीत, म्हणून चाकं मोठी. ती चाकं धरायला हब दुसरे, पुढच्या स्प्रिंगा कडक. एकेका शनिवार-रविवारी एकेक काम व्हायचं आणि सोमवारी गाडी दारात उभी असायची. कित्येक महिने ती जुनं दुबळं इंजिन आणि भलेमोठे ब्रेक घेऊन हिंडली. माळावर पोरं हसायची. गुप्ताजींनी माइकवरून सांगितलं, "बकरी के गले में हाथी की ज़ंजीर." सगळे हसले. असलमभाईंनी मान खाली घातली. शोभाताई माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाल्या, "हसू दे. यायच्यापैकी एकाही गाडीत मी तुला बसवणार नाही."

राजदीप तेवढा हसला नाही. हा गुप्ताजींचा पुतण्या, पंचविशीतला, चालवायला धीट. त्याची गाडीही शोभाताईंच्याच जातीची होती. तो एका रविवारी गोहलपूरला आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मैडम, मुझे भी सिखाइए ना. मैं भी इंजन बदलूँगा." इतक्या वर्षांत त्या क्लबातल्या कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. बाईंचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. अर्धा दिवस त्या खडू घेऊन फरशीवर बसल्या होत्या. कुठला ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचा, कुठल्या बाजूचा दांडा लांब पडतो, सगळं सांगितलं. आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी, "पहले ब्रेक. समझे? ब्रेक नहीं तो इंजन नहीं." तो "जी मैडम, जी मैडम" म्हणत राहिला. मी तिथे होते. मी ऐकलं आहे.

पुढच्या शर्यतीला राजदीपची गाडी चार सिलिंडरच्या आवाजात माळावर आली. शोभाताई आनंदानं पुढे गेल्या आणि चाकांपाशी थांबल्या. चाकं जुनीच होती.

"ब्रेक?"

"ब्रेक बाद में, मैडम. टाइम नहीं मिला. चाचाजी बोले, आज गाड़ी दिखानी है."

मग त्या ज्या आवाजात ओरडल्या, तो मी फॅक्टरीतही कधी ऐकला नव्हता. आधी मराठीत, मग हिंदीत. त्या त्याच्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकले. गुप्ताजी लगबगीनं आले. "मैडम, हारने का डर है क्या?" त्यांनी विचारलं, आणि लोक हसले. अजूनही ते हसू माझ्या कानात आहे. गुप्ताजींनी खूण केली तशी दोन स्वयंसेवकांनी शोभाताईंच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना बाजूला नेलं. एका बाईला, सगळ्यांदेखत. मी पर्स छातीशी धरून उभी होते.

राजदीप सुटला. सरळ रस्त्यावर गाडी कुणाचीच गेली नव्हती अशी गेली. टाळ्या पडल्या. टोकाला डावं वळण होतं आणि त्यापलीकडे मुरमाचा बांध. मागचे लाल दिवे लागलेले आम्हाला दिसले. पेटले आणि पेटलेलेच राहिले. गाडी वळलीही नाही, थांबलीही नाही. बांध ओलांडून नाल्यात नाकावर पडली.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

क्लबाच्या लोकांनी आठवडाभरात सगळीकडे पसरवलं, की इंजिन बदलायचं खूळ काळमेघ मॅडमचं, आखणी त्यांची, पोराला नादी लावलं त्यांनीच. 'असुरक्षित बदलांना उत्तेजन दिल्याबद्दल' त्यांचं सभासदत्व काढून घेतलं. आपल्याला बोलू द्यावं म्हणून शोभाताई क्लबाच्या सभेला गेल्या, तर सभा आधीच संपली होती. फॅक्टरीतसुद्धा लोक कुजबुजत. ज्या बाईनं ब्रेकवाचून गाडी हलू दिली नाही, तिच्या नावावर ब्रेक नसलेली गाडी लावली. याला काय म्हणायचं?

आम्ही इस्पितळात गेलो. राजदीपची आई पलंगाशी बसली होती, तिनं मान वळवली. गुप्ताजी पायथ्याशी उभे. शोभाताईंनी विचारलं, "बेटा, मैंने क्या बोला था, बताओ इनको." राजदीपनं भिंतीकडे तोंड केलं.

परतताना त्यांनी इस्पितळाच्या फाटकाबाहेर गाडी काढली. मग म्हणाल्या, "मी त्याच्या गाडीसमोरून हटली काहून, मंगला?"

"तुम्हाला दोघांनी ओढलं, ताई."

"मग आडवी पडायची होती. चाकाखाली आडवी पडायची होती मी. त्याच्या आईले नाही का वाटणार, ही बाई बाजूला काहून झाली?" आणि स्टिअरिंगवर त्यांनी मूठ आपटली. हॉर्न वाजला, पुढचा सायकलवाला दचकला, त्यालाही त्या दोन शब्द बोलल्या.

मला वाटलं होतं, आता हे इंजिनचं प्रकरण मिटलं. असलमभाईंनाही तसंच वाटलं. "अब भी, दीदी?" त्यांनी विचारलं. "अब तो और," त्या म्हणाल्या. आणि ठरल्या क्रमानं त्यांनी ते पुरं केलं. बॉनेट उघडलं की आत बोट घालायला जागा नव्हती, पण कशालाही काही घासत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांचे यजमान वसंतराव, रेल्वेतले अगदी अबोल गृहस्थ, मागच्या सीटवर बसले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "गाडी तुझ्यासारखी झाली." त्या हसल्या. त्या वर्षातलं ते एकच हसू असावं.

पण धावायचं कुठे? रस्त्यावर जोरात चालवणं त्यांना पाप वाटायचं. तेव्हा चार सिलिंडरची ती गाडी रोज बसच्या धुरामागे, सायकलींच्या गर्दीतून सावकाश रांझीला जायची. एकदा सुट्टीच्या दिवशी माळाच्या मालकाला विचारून आम्ही बरेलाला गेलो. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी फेऱ्या मारल्या. मी बांधाशी उभी होते, तिथूनच सांगते. ती गाडी सरळ रस्त्यावर बाणासारखी यायची, टोकाला जमिनीत रुतल्यासारखी मंदावायची आणि वळून जायची. क्लबातली एकही गाडी तिच्या जवळपास आली नसती. शेवटी त्या उतरल्या, अंगभर धूळ, डोळे लाल.

"कोणाशी लावू शर्यत?" त्या ओरडल्या. "सांग ना. या धुळीशी लावू?"

आम्ही घरी आलो. त्या माळावर त्या पुन्हा गेल्या नाहीत.

निवृत्तीला थोडा अवकाश असतानाच त्या गेल्या. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आमच्या मराठी मंडळींच्या सभागृहात शोकसभा झाली. तिथे गुप्ताजी हार घेऊन आले. त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं, की शोभा मॅडम क्लबाची शान होत्या, फार हिमतीच्या होत्या, आणि यंदापासून महिला वर्गाला त्यांच्या नावाचा चषक दिला जाईल.

महिला वर्गाला.

मी उभी राहिले. आयुष्यात मी कधी सभेत बोलले नाही. विभागातसुद्धा माझं मत शोभाताईच सांगायच्या. मी म्हटलं, "गुप्ताजी, आपने इनको पकड़कर हटवाया था. आपने इनको निकाला था. ये कप आप अपने घर रखिए." मग राजदीपच्या गाडीची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागले. "यह समय नहीं है, बहनजी," ते म्हणाले. पहिल्या रांगेतून वसंतराव उठले आणि त्यांच्या हातातला माइक काढून माझ्याकडे दिला. "बोल तू," म्हणाले. "पूर्ण बोल."

मी पूर्ण बोलले. बोलून झाल्यावर मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काठी टेकत राजदीप उभा राहिला. तो आला आहे, हे मला माहीतही नव्हतं.

"दीदी सच बोल रही हैं," तो म्हणाला. "मैडम ने मुझे ब्रेक का पहले दिन से बोला था. चाचाजी के कहने पर मैं चुप रहा."

गुप्ताजी हार टेबलावर ठेवून निघून गेले. लोक माझ्याभोवती आले, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, चला, शेवटी न्याय झाला. राजदीपही आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

मी ते हात तसेच जोडलेले राहू दिले. त्याचं घर चेरीतालपासून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. हे एक वाक्य घेऊन तो शोभाताईंच्या दारात कधीही येऊ शकला असता. त्यांनी त्याला आत बोलावलं असतं, आधी चांगलं झापलं असतं आणि मग चहा दिला असता. मी पर्स उचलली आणि वसंतरावांना घरी सोडायला निघाले.