पश्चात्तापाचं उत्तर

हुमनाबादच्या शाळेत बायबलच्या तासाला मी लिहिलं होतं की पश्चात्ताप म्हणजे चुकीच्या वाटेवरून मागे फिरणं. पूर्ण मार्क मिळाले. त्याच महिन्यात मी घरी सांगितलं होतं की काकांनी आमचा बांध कोरला. काकूंच्या टोमण्याच्या रागातून रचलेलं ते खोटं होतं. तेव्हापासून वडील काकांशी बोलत नव्हते.

वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळे एकमेकांच्या शेतात जेवायला जातात. मी एकटीच काकांच्या शेतात गेले आणि खरं सांगितलं.

"ठावं हाय मला," काका म्हणाले. "उभी कामून? बस, आंबील घे."

क्षमा इतक्या सहज मिळाली, की मला बसवेना. बांधापलीकडे वडील आमच्याकडे पाठ करून जेवत होते. त्यांना सांगायचं राहिलं होतं. हातातला पेला तसाच ठेवून मी बांधाकडे निघाले.