बाबांचा आवाज खरा की एआयचा?

मंडळी, लॅबमधून घरी आले, पण मन अजून तिथेच आहे.

मी अंधेरीत मोबाईलमधल्या पुराव्यांची तपासणी करते. आज मुलुंडचे संतोषदादा आले, त्यांच्या वारलेल्या बाबांचा फोन घेऊन. बाबांशी भांडून ते घर सोडून गेले होते. बाबा गेल्यावर बहिणीला त्या फोनमध्ये पाठवायचं राहून गेलेलं एक रेकॉर्डिंग सापडलं: "माझो राग गेलो रे बाबू. घराक ये."

दादांना वाटत होतं, आपली समजूत काढायला बहिणीनेच ते एआयवर बनवलं असणार.

आमच्या सॉफ्टवेअरनेही शंकाच दाखवली. पण त्या बिचाऱ्याने मालवणी ऐकलीय कुठे? बोलींचे नमुने जमवायचं संशोधन आत्ता कुठे सुरू झालंय. म्हणून मी मूळ फाईलच तपासली. बाबा हयात असताना, त्याच फोनवर रेकॉर्ड झालेली. कुठेही छेडछाड नाही.

"खरं आहे, दादा. बाबाच बोलतायत."

 दादांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. "ताई, मी येतंय गो," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मीही.

तुमच्या फोनमध्ये घरच्या बोलीत बोलणारा कुणाचा आवाज आहे?