जर दाजी आले तर

आमच्या सासऱ्यांइतका आडमुठा माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नाही, आणि दौंड तालुक्यात असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार. न्हावऱ्याच्या शाळेत त्यांनी हयातभर भूमिती शिकवली. निवृत्त झाले ते शाळेतून, भूमितीतून नाही. त्यामुळे साध्या बोलण्यातही त्यांना आधी पक्ष लागतो, मग साध्य, मग सिद्धता. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "दूध नासलं," की हे चष्मा पुसत विचारणार, "कशावरून?" बिचाऱ्या पातेलं त्यांच्या नाकाशी धरतात. तरी हे म्हणणार, "नासलेल्या दुधाला वास येतो, मान्य. पण वास आला म्हंजी दूध नासलंच, असं न्हाई. पातेलं नीट घासलं नसंल." या वादात त्या घरात सकाळचा चहा वेळेवर झाल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांचा जावई होण्याआधी त्यांचा विद्यार्थी होतो, म्हणजे दोन्हीकडून भरडला गेलो. जर-तरची विधानं शिकवताना त्यांचं उदाहरण ठरलेलं. "जर पाऊस पडला, तर अंगण भिजतं. आता पाऊस पडलाच न्हाई, तर अंगण कोरडं राहील का?" आम्ही एका सुरात "व्हय सर" म्हणायचो आणि एका ओळीत बाकावर उभे राहायचो. "आरं, अंगणात म्हशी धुतल्या आसतील. जर घडलंच न्हाई, तर पुढं काय ते विधान सांगत न्हाई. ते गप बसतं. तुम्ही बी गप बसा." परीक्षेत ही चूक करणाऱ्याला ते शून्य देत, आणि ते शून्यही कंपासनं काढत.

पुढे त्यांचीच मुलगी बघायला गेलो, तेव्हा आमच्या चुलत्यांनी छाती फुगवून सांगितलं, "पोरगं निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांड बी खात न्हाई." सासरे म्हणाले, "सुपारी खात न्हाई एवढंच कळलं. बाकीचं सिद्ध करायचं राहिलं." ते सिद्ध करता करता पोहे गार झाले. लग्न जमलं ते मुलगी आतून वडिलांना "दादा, आता बास करा" म्हणाली म्हणून. शिरूरच्या एसटी स्टँडवर मात्र त्यांचं मन रमतं. न्हावऱ्याची गाडी कधी, असं विचारल्यावर खिडकीतला माणूस म्हणतो, "गाडी आली तर लागंल." लोक वैतागतात, आणि सासऱ्यांना मात्र गाडीपेक्षा हे उत्तरच जास्त आवडतं.

यंदा खुटबावला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक लेक, लहानपणी सगळ्या सुट्ट्या न्हावऱ्याला काढलेली. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. आणि मामाला घरी येऊन, कुंकू-अक्षता लावून आमंत्रण द्यायचं, हीही रीतच. पण दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, सगळ्या गावाला धाडली तशी पत्रिका यांनाही मोबाइलवर धाडून दिली. सासऱ्यांनी ती पाहिली, मोबाइल पालथा ठेवला आणि ओट्यावर बसून विधान केलं, "जर दाजी स्वतः आले, तर मी लग्नाला जाईन."

दाजीही तसलेच. ते आले नाहीत. बहीण फोनवर रडली, सासूबाई समजावून थकल्या. शेवटी भाचीचा फोन आला. "मामा, मग माझ्यामागं कोणी उभं राहायचं?" सासऱ्यांनी फोन नुसता सासूबाईंच्या हातात दिला.

लग्नाच्या दिवशी आम्ही तयार होऊन निघालो, तर हे बनियनवर ओट्यावर बसलेले. खरं सांगतो, मला राग आला होता. हयातभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस एका पोरीच्या लग्नात असा हटून बसतो म्हणजे काय? आमच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात. मी म्हटलं, "मामा, जर दाजी आले, तर तुम्ही जाणार. दाजी आले न्हाईत. मग?"

"मग न्हाई जाणार."

"कशावरून?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पाऊस, अंगण, म्हशी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. मग म्हणाले, "विधान गप बसतं."

"व्हय."

"नववीच्या पोराची चूक," ते पुटपुटले आणि उठले. "माझा फेटा कुठं हाय?" सासूबाईंनी तो कालच पिशवीत भरून ठेवला होता.

भीमेचा पूल ओलांडून खुटबावला पोचलो, तर दाजी मांडवाच्या दारातच उभे. "आलात व्हय?" ते म्हणाले. "आलो. पण तुम्ही आला नव्हता, ते लक्षात हाय माझ्या," असं म्हणून सासरे सरळ आत गेले आणि भाचीच्या मागं उभे राहिले. भाचीनं मान वळवून पाहिलं आणि तिथंच रडायला लागली. भटजींना दोनदा घसा खाकरावा लागला.

परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरगी सासरी गेली तर तुमच्या डोळ्याला पाणी आलं."

मी गाडी चालवता चालवता कान टवकारून बसलो. त्यांनी चष्मा काढला, फेट्याच्या शेमल्यानं पुसला आणि परत लावला. कशावरून, असं काही विचारलं नाही. का कोण जाणे, पण विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.